पोचल्याची खूण

लॅबच्या मालकांनी सांगितलं, फडताळ रिकामं करा, दहा वर्षांच्या वरचे साचे ठेवून कोणाचं भलं होणार आहे? म्हणून त्या दुपारी मी गोणपाटाचं पोतं घेऊन खाली बसले. कवळ्या आणि कॅपा करायचं काम मी सव्वीस वर्षं करते आहे, आणि सव्वीस वर्षांची तोंडं त्या फडताळात साठली होती. प्लास्टरचे जबडे, वरचे आणि खालचे, मागे पेन्सिलीने नाव आणि तारीख. त्यातली निम्मी माणसं आता जगातही नसतील. मी एकेका हातात एकेक साचा घेत होते आणि पोत्यात टाकत होते. आत फुटल्याचा आवाज यायचा, आणि खोटं कशाला बोलू, तो आवाज मला आवडायला लागला होता. पंधरावीस टाकून झाल्यावर हात एकदम थांबला. आत्ता जो गेला त्याच्या मागे नाव नव्हतं. नुसतं 'धाकटा' लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात. मी पोत्यात हात घातला. वरच्या जबड्याचे तीन तुकडे झाले होते. पुढच्या चार दातांचा तुकडा तळहातावर घेऊन मी बसले, तेवढ्यात मालक दारात आले आणि म्हणाले, "झालं का? की आठवणी काढत बसलात?" ते गमतीने म्हणाले. मीही हसले, तुकडा परत पोत्यात टाकला, तोंड बांधलं आणि पोतं बाहेर नेऊन ठेवलं. घरी येऊन आईला जेवायला वाढलं, भांडी घासली. दोन दिवस काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी मेणात दात लावताना मी वरचे खालच्या जबड्यात बसवत गेले, तेव्हा शेजारच्या टेबलावरची म्हणाली, अगं, ताप आहे का तुला? आणि सहा आठवड्यांनी मी या बसमध्ये होते.

बस कसली, चाकांवरचा खुळखुळा. खिडकीची काच दोरीने बांधलेली, सीटमधली स्प्रिंग मांडीला टोचणारी, टपावर पत्रे, एक लोखंडी कपाट आणि कसली कसली पोती. डांबरी रस्ता सकाळीच संपला होता. आता नुसते दगड आणि खड्डे, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला काही नाही. प्रत्येक धक्क्याला सगळ्यांच्या माना एकदम डावीकडे जायच्या आणि एकदम उजवीकडे यायच्या, जणू सगळी बस कशाला तरी नाही म्हणते आहे. पलीकडच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने खराब रस्ता सुरू व्हायच्या आधीच कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि वरच्या खिशात ठेवून बटण लावलं. शहाणा माणूस. मी गिऱ्हाइकांना सांगत असते की दात आवळून बसू नका, झिजतात. आणि इथे गेले चार तास मी स्वतः दात आवळून बसले होते, कानशिलं ठणकेपर्यंत. ते धक्क्यांमुळे नव्हतं. माझ्या पुढ्यात, हात लांबवला तर लागेल इतक्या अंतरावर, ड्रायव्हरची मान होती. जाड, उन्हाने रापलेली, मधोमध आडवी घडी पडलेली. खालच्या गावात तिकिटाच्या खिडकीवरच्या बाईने मला सांगितलं होतं की या रस्त्यावर अठरा वर्षं हाच माणूस गाडी चालवतो, दुसरा कोणी टिकत नाही. धाकट्या भावाला जाऊन अकरा वर्षं झाली होती. म्हणजे या मानेच्या मागे तोही बसला असणार. मी मुद्दाम हीच जागा धरली होती, विचारायचं म्हणून, आणि चार तासांत मानेखेरीज मी काही पाहिलं नव्हतं आणि एक शब्द विचारला नव्हता.

एकोणपन्नासाव्या वर्षी पाठीला सॅक लावून फिरायला निघणं हा तसा वेडेपणाच. आईला मावसबहिणीकडे ठेवलं आणि सांगितलं की लॅबकडून शिकायला पाठवतायत. आई म्हणाली, या वयात काय शिकवणार तुला. धाकट्याने पाठवलेली पाच पोस्टकार्डं माझ्याकडे होती, त्याच क्रमाने मी पाच गावं केली. आठ-आठ खाटांच्या खोल्यांमध्ये विशी-बाविशीच्या पोरांच्या घामट मोज्यांच्या वासात झोपले. गुडघ्याला पट्टा बांधून चढ चढले. एका मुलीने मला विचारलंही, "तुम्ही एकट्याच? कशासाठी?" मी म्हणाले, हौस. शब्द तोंडातून गेला आणि मला कसंतरीच झालं, कारण तो शब्द त्याचा होता. तो असाच निघायचा, नोकरी सोडून, चार महिने, सहा महिने, आणि बाबांनी कशासाठी म्हणून विचारलं की हसून म्हणायचा, हौस. बाबा अंथरुणाला खिळलेले, आईचे सांधे आखडलेले, मी सकाळी लॅबमध्ये आणि संध्याकाळी दोघांच्या औषधांमध्ये, आणि याला हौस. पण तो घरी आला की घर हसायचं हेही खरं. माझ्या कामाचीही टिंगल करायचा. एकदा सायकलवरून पडून पुढचा दात मोडून आला तेव्हा मी त्याला कॅप करून दिली आणि तीत माझी रंगाची एक पायरी चुकली. बाकीच्या दातांपेक्षा तो एक दात पांढराशुभ्र. बदलून देते म्हटलं तर म्हणाला, "राहू दे ताई, अंधारात कोणाला सापडायचो तरी." पाचव्या पोस्टकार्डावर त्याने लिहिलं होतं, उद्या वरच्या गावाची बस आहे, रस्ता हाडं खिळखिळी करतो म्हणतात, पोचलो की वाजवतो.

वाजवतो म्हणजे काय ते आमच्या घराबाहेरच्या माणसाला कळणार नाही. परगावचे फोन महाग होते त्या काळात बाबांनी घातलेली ती शिस्त. जो कोणी प्रवासाला जाईल त्याने पोचल्यावर घरी फोन लावायचा, तीन रिंगा वाजू द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. तीन म्हणजे सुखरूप पोचलो. घरच्यांनी फोन उचलायचा नाही. कोणी प्रवासात असलं की आमच्या घरात फोन वाजला रे वाजला की सगळे जिथल्या तिथे थांबायचे. आई हातात लाटणं घेऊन, बाबा अर्ध्या दाढीवर साबण असताना, आम्ही दोघं पाढे म्हणता म्हणता. एक, दोन, तीन. मग शांत. मग आई म्हणायची, पोचले, आणि लाटणं पुन्हा फिरायला लागायचं. एकदा आत्या आमच्याकडे राहायला आली असताना तिने भाबडेपणाने दुसऱ्या रिंगेला फोन उचलला, तर बाबा अंगात आल्यासारखे ओरडले, "उचलायचा नाही!" पुढे फोन स्वस्त झाले, खिशात आले, तरी घरातला फोन आणि तीन रिंगा तशाच राहिल्या. आम्हालाच ते आवडायचं. शब्द न बोलता बोलता येतं याचा एक छुपा गर्व होता आम्हाला. आता वाटतं, बोलायला न शिकलेल्या माणसांचं ते घर होतं.

अकरा वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी आई झोपली होती. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. मी सुट्टीच्या दिवशी घरी आणलेलं काम पुढ्यात घेऊन बैठकीच्या खोलीत बसले होते, एका बाईची कवळी, नुसतं घासून गुळगुळीत करायचं राहिलेलं. फोन वाजला. माझे हात थांबले, सवयीने. एक. दोन. तीन. पोचला, असं मी मनात म्हणालेसुद्धा. आणि चौथी वाजली. मला राग आला. आधी राग आला, हे मी अकरा वर्षांत कोणाला सांगितलेलं नाही. मला वाटलं, एवढंसुद्धा धड मोजता येत नाही याला. पाचवी. तो मजेत हिंडतोय आणि मी इथे कुणाचे तरी दात घासत बसले आहे. सहावी. वाजू दे. फोन हाताच्या अंतरावर होता. सातव्या रिंगेला माझा हात पुढे गेला आणि वाटलं, आता उचलला तर आधीच का नाही उचललास म्हणेल. आठ, नऊ, दहा. रिंगेत काही वेगळं नसतं, पण मला त्या वाजण्यात कोणीतरी मला आणि फक्त मला बोलावतंय असं ऐकू यायला लागलं होतं आणि तरी मी बसून राहिले. अकराव्या रिंगेनंतर तो बंद झाला. आई उठून आली, केस बांधत म्हणाली, "वाजला का गं?" मी म्हणाले, "हो. तीन वाजल्या. पोचला तो." चार दिवसांनी कागद आला, परक्या भाषेतला. तारीख त्याच दिवसाची, गाव तेच, कारण म्हणून उंचावरच्या हवेचा त्रास असं काहीतरी. वाटा बर्फाने बंद होणार होत्या म्हणून गावकऱ्यांनी त्याला तिथेच पुरलं होतं. मी आईला म्हणाले, पोचला होता गं तो, पोचून वाजवलं त्याने, मग पुढे काय झालं असेल ते झालं. आणि त्या अकरा रिंगा मी एकटीने ठेवून घेतल्या. त्या रात्री वाजतात असं काही नाही. भर दिवसा वाजतात, लॅबमध्ये, बाजारात, कुठेही. कोणाचाही फोन चौथ्यांदा वाजला की मी हातातलं टाकून अकरापर्यंत मोजते. उचलला असता तर काय ऐकू आलं असतं? ताई, मला श्वास घेता येत नाहीये? ताई, काय करू? मी काहीतरी सांगितलं असतं, खाली ये म्हटलं असतं, कोणाला तरी हाक मार म्हटलं असतं. एवढंच मला जाणून घ्यायचं होतं, की तो मला काय म्हणणार होता.

एका मोठ्या धक्क्याने बस थांबली. इंजिनातून वाफ येत होती. माणसं निमूटपणे खाली उतरली, नेहमीचंच असावं. ड्रायव्हर डबा घेऊन खालच्या ओढ्यावर गेला, पाणी घेऊन वर आला, आणि मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्याची भाषा मला येत नव्हती आणि माझी त्याला. पण तो तरुणपणी बंदरावर ट्रक चालवायचा, तिथली मोडकीतोडकी भाषा त्याला येत होती आणि मला पुस्तकातली, तीत आम्ही बोललो. मी फोटो पुढे केला. त्याने हात पँटला पुसले, पण फोटो हातात घेतला नाही. नुसता वाकून पाहिला.

"हा," तो म्हणाला. मग स्वतःच्या पुढच्या दातावर बोट ठेवलं. "हा एक पांढरा."

मी रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले. तोही जरा लांब बसला.

"तुमचा कोण?"

"भाऊ. धाकटा."

"माझ्या मागेच बसला होता," तो म्हणाला. "तुम्ही बसलायत तिथे. सारखा बोलायचा. भाषा येत नव्हती तरी बोलायचा. या डोंगराचं नाव काय, त्या पक्ष्याला काय म्हणता. दगडी पुलापर्यंत बोलत होता. मग गप्प झाला. डोकं दुखतंय असं खुणेने सांगितलं. मी म्हटलं, झोप. इथे पहिल्यांदा येणाऱ्या सगळ्यांचं दुखतं, बाई. सगळे झोपतात."

इंजिन थंड होताना टकटक आवाज करत होतं.

"त्याच्या शेजारी आमच्या गावातली एक बाई होती. त्याचं डोकं तिच्या खांद्यावर आलं. तिने हलवलं नाही त्याला, परक्या मुलखातलं लेकरू आहे, झोपू दे म्हणाली. दीड तास ती तशीच बसली, एवढ्या धक्क्यांत, त्याचं डोकं धरून. गावात गाडी लागली तेव्हा मला म्हणाली, आता उठव बाबा याला, माझा खांदा बधिर झाला."

"मग?" मी विचारलं, जरी कळलं होतं.

"मग उठला नाही."

तर तो पोचलाच नव्हता. मला वाटलं होतं रडू येईल. पण मनात आधी आला तो हिशेबच. पोचला नव्हता, मग फोन कोणी केला? मी तसंच विचारलं. तो खाली बघत होता, बोटांमधल्या काळ्या तेलाकडे.

"मी केला. त्याच्या वहीत पहिल्या पानावर नंबर होता. टपाल कचेरीतल्या माणसाने लावून दिला आणि माझ्या हातात दिला. खूप वेळ वाजू दिला. कोणी उचलला नाही." त्याने बोटं एकमेकांवर घासली. "खरं सांगू? मला बरं वाटलं. तुमची भाषा येत नाही, काय सांगणार होतो मी? कोण असेल तिकडे, आई असेल, बाप असेल. मी वाजवत होतो आणि मनात म्हणत होतो, नका उचलू, नका उचलू. मग घरी बायकोला म्हटलं, घरात कोणी नव्हतं. देवाची कृपा, ती म्हणाली."

माझ्या आयुष्याची अकरा वर्षं ज्या आवाजाने खाल्ली त्याच्या पलीकडच्या टोकाला हा माणूस उभा होता, तेलकट हातात फोन धरून, मी उचलू नये म्हणून विनवणी करत. उचलला असता तर मला एका अनोळखी पुरुषाचा अनोळखी भाषेतला आवाज ऐकू आला असता, आणि बस. धाकट्याला वाचवता आलं नसतं. तो तेव्हा अर्धा गाव जमलेल्या मोटारतळावर पाय लांब करून पडला असणार. मला हलकं वाटायला हवं होतं आणि वाटलंही, क्षणभर, छातीवरून कोणी उठून गेल्यासारखं. आणि त्या हलकेपणात माझी जीभ सैल सुटली. इतक्या वर्षांत आईला सांगितलं नाही ते मी त्याला सांगितलं.

"मी होते घरात. फोनच्या शेजारी बसले होते. सगळ्या रिंगा मोजल्या मी. उचलला नाही."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. त्याचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं, खालच्या दोन दाढा नव्हत्या. मी वाट पाहत होते की तो म्हणेल, असू द्या बाई, होतं असं. तो तसं म्हणाला नाही.

"घरात कोणी होतं," तो म्हणाला. स्वतःशीच. मग उठला, डबा घेतला आणि इंजिनात पाणी ओतायला लागला. पाणी बाहेर सांडत होतं आणि तो ओततच होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय केलं ते. रिकामं घर ही त्याची एकुलती एक सोय होती. दर खेपेला दगडी पुलावरून जाताना त्याने तेवढंच मनाशी धरलं असेल, आणि मी माझं मन मोकळं करायच्या नादात ते त्याच्या हातातून काढून घेतलं. शरमेने मला त्याच्या जवळही जाववेना.

पुढचा रस्ता मी डोळे उघडे ठेवून पाहिला. दगडी पूल आला आणि गेला. त्यानंतरचं सगळं धाकट्याने न पाहिलेलं होतं. तो नेमका कुठल्या वळणाला गेला, ते त्या बाईलाही सांगता आलं नसतं. एक पडकी भिंत, तिच्यावर वाळत घातलेली गोधडी. दोन घोडे, एकमेकांकडे पाठ करून उभे. मग लांबवर पत्र्याची छपरं, उन्हात इतकी चमकणारी की डोळ्यांना पाणी यावं. प्रत्येक धक्क्याला मी माझ्या उजव्या खांद्याकडे बघत होते. तिथे कोणी नव्हतं, बाजूच्या सीटवर माझी सॅक होती, पण खांदा जड झाला होता आणि मी तो हलवला नाही. मला कळत होतं हे वेडेपण आहे. तरी मी त्या बाईसारखीच ताठ बसून राहिले, शेवटच्या वळणापर्यंत, आणि मला वाटत होतं की निदान एवढं तरी नीट करावं. ड्रायव्हरने एकदाही मागे पाहिलं नाही. गाडी मात्र तो फार जपून चालवत होता, प्रत्येक खड्ड्याशी थांबून, हळूच उतरवून. मागून कोणीतरी ओरडलं, शब्द कळले नाहीत, पण सूर आज काय झोप लागली का असाच होता. त्याने गाडी तशीच हळू ठेवली.

गाव आलं. माणसं उतरली, टपावरून पत्रे निघाले, कपाट निघालं, म्हाताऱ्याने रुमालातून कवळी काढून तोंडात बसवली आणि तोही गेला. ड्रायव्हर इंजिन बंद करून स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. मी सॅक खांद्याला लावून त्याच्या शेजारून जाणार, तेवढ्यात तो समोरच्या काचेकडे बघतच म्हणाला, "बाई, मघाशी मी चुकीचं सांगितलं. फार वर्षं झाली, गोंधळ होतो." मी थांबले. "तो पोचला होता. इथे गाडी लागली तेव्हा जागा होता. मी स्वतः हात धरून उतरवलं त्याला. हसला. पोचला होता तो."

हे तो फार सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवत म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर एकदाच, चोरून, माझ्याकडे पाहिलं, मी खरं मानलं का ते पाहायला. ते पाहणं मी बाहेरून कधी पाहिलं नव्हतं. आईशी खोटं बोलतानाचं ते माझंच होतं. कोणालाही, अगदी लहान मुलालाही, ते एका नजरेत कळलं असतं. आणि आईला मी ते कागद आल्याच्या दिवशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून सांगितलं होतं, पोचला होता गं तो, तेव्हा ती पाटावरून उठली होती, दुखरे गुडघे धरत, माझ्यापर्यंत आली होती आणि माझ्या तोंडावरून तिने हात फिरवला होता. म्हणाली होती, "बरं झालं सांगितलंस. आता परत सांगू नकोस." मला वाटलं होतं, तिला ऐकवत नाही म्हणून म्हणते. अकरा वर्षं मला तसंच वाटत आलं होतं.

ड्रायव्हर उत्तराची वाट पाहत होता. स्टिअरिंगवरची त्याची बोटं पांढरी पडली होती.

"बरं झालं सांगितलंत," मी म्हणाले, आणि खाली उतरले.